भिंतीला भिंत लागून

"घर घ्यायचंच तर नवं घ्यावं बाई! दुसऱ्यानं पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या भिंतीत कशाला आपला संसार मांडायचा?"

आमच्या सासूबाईंचे हे वाक्य मी सहा महिने ऐकत होते. सकाळी चहाला, दुपारी भाजी निवडताना आणि रात्री ह्यांचे जेवण होईपर्यंत. त्यांचेही चूक नव्हते. जुन्या घरात वाळवी असते, जुन्या घरात ओल असते, आणि सर्वांत वाईट म्हणजे जुन्या घरात जुनी भांडणे असतात. तरीही आम्ही शाहूपुरीतले, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती असलेले, कौलारू, मजला चढवलेले जुने घर घेतले. त्याला आता दोन पावसाळे झाले.

मैत्रिणींनो, "घर घेतलं" हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. पण त्या दोन शब्दांत मी जे शिकले ते बी. ए.च्या तीन वर्षांत शिकले नव्हते. तुमच्यापैकी कुणी ओळीतले जुने घर घेण्याच्या विचारात असेल, तर माझे चार शब्द उपयोगी पडतील म्हणून हा लेखप्रपंच.

शाहूपुरीच का?

आम्ही आधी उपनगरात भाड्याने राहत होतो. जागा मोकळी, हवा छान, पण शाळेत जायला मला दोन रिक्षा बदलाव्या लागत. मी अर्धवेळ शिकवते. पगारातला बराच भाग रिक्षावालाच घेऊन जाई. मुलीच्या क्लासची ने-आण, सासऱ्यांचा दवाखाना, सगळेच लांब. ह्यांची नोकरी सांगलीला, म्हणजे रोज स्टँड गाठणे आले.

शाहूपुरीत स्टेशन जवळ, मध्यवर्ती बसस्थानक जवळ, मंडई जवळ. दारात दूध, कोपऱ्यावर किराणा, समोर शिंपी. रात्री दहा वाजता ताप आला तर औषधाचे दुकान उघडे सापडते. आता तुम्ही म्हणाल, गोंगाट किती! आहेच. गणपतीच्या आधी कुंभार गल्लीतून मूर्ती न्यायला ट्रॅक्टर आणि ट्रक लागतात, तेव्हा ढोल-ताशांनी फळीवरची भांडी वाजतात. पण मी पेठेतलीच मुलगी. मला शांतताच फार झाली की करमत नाही.

शाहूपुरीचा जन्मच मुळी बाजारासाठी झाला. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. तीन वर्षांनी, १८९४ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १८९५ मध्ये स्टेशनजवळ ही पेठ वसवली, ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारासाठी. शेतकऱ्याचा गूळ गाडीतून इथे उतरावा, इथेच अडतीत विकला जावा आणि रेल्वेने देशभर जावा, अशी ती सोय. म्हणून गल्ल्या सरळ आखलेल्या, पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने मोजायच्या. गुळाचा मोठा व्यापार पुढे मार्केट यार्डात गेला, पण पेठेची ठेवण राहिली. खाली दुकान किंवा कोठार, वर राहती जागा, आणि घराला घर लागून.

ही "घराला घर लागून" गोष्टच पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

पहिले घर – आणि कॅलेंडरमागची रेघ

आम्ही पाहिलेले पहिले घर मला इतके आवडले होते की मनातल्या मनात मी पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले होते. काळ्या दगडाचे जोते, सागवानी जिना, मागे फरशी घातलेले छोटेसे परस. घर कुंभार गल्लीच्या अंगाला, उताराकडे होते. भिंती नुकत्याच रंगवलेल्या. मध्यस्थ म्हणाला, "वहिनी, सामान आणा आणि राहायला या!"

ह्यांना कागद दाखवायला तो आत घेऊन गेला तेव्हा मी शेजारच्या दारात बसलेल्या आक्कांशी बोलत उभी राहिले. मी सहज विचारले, "आक्का, इथं पाणी येतं का हो?" त्या हसल्या, मला आत घेऊन गेल्या आणि भिंतीवरचे कॅलेंडर बाजूला केले. माझ्या छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ होती. म्हणाल्या, "हे एकोणीस सालचं. रंग लावू दिला न्हाई मी पोरास्नी. इसरायला नको."

कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदी शाहूपुरीच्या दारात नाही, पण जयंती नाला आहे. नदी फुगली की नाल्याचे पाणी नदीत जाण्याऐवजी मागे फिरते आणि सखल गल्ल्यांत शिरते. एकाच पेठेत एका गल्लीत माणसे माळ्यावर बसून दिवस काढतात आणि वरच्या गल्लीत पाण्याचा थेंब नसतो. "शाहूपुरीत पूर येतो का?" हा प्रश्नच म्हणून चुकीचा. "या दारात किती आलं होतं?" असा प्रश्न विचारायचा, आणि तो विकणाऱ्याला नव्हे, शेजारणीला.

ते घर आम्ही सोडले. घरी येऊन मी थोडी रडलेसुद्धा. पण नव्या रंगाखाली काय आहे ते विचारायचे, हा पहिला धडा मिळाला.

घर पाहायचे कसे?

दुसरे घर त्याच पेठेत, पण चढावर. बाहेरून अगदी साधे. रंग उडालेला, एका खिडकीचे दार निखळलेले. या वेळी मी शहाणी झाले होते. मोठ्या दिराचे स्नेही इंजिनिअर आहेत, त्यांना बरोबर घेतले. त्यांनी जे जे पाहिले ते मी वहीत टिपून ठेवले. ते असे:

जुने घर पावसाळ्यात पाहावे, आणि तेही दोन दिवस झड लागल्यावर. उन्हाळ्यात प्रत्येक घर गुणाचे असते. आषाढात कौलांची, पन्हळीची आणि भिंतीची खरी परीक्षा होते.

तुळईचे मधले अंग पाहून खूश होऊ नये. तुळई कुजते ती भिंतीत शिरते त्या टोकाला, कारण भिंतीतली ओल तिथे मुरते. साधी सुरी किंवा पेचकस घेऊन तिथे टोचून पाहावे. चांगले सागवान टोक आत घेत नाही. सहज रुतले तर आतून पोकळ समजावे. आमच्या अकरा तुळयांपैकी दोन अशा निघाल्या. किंमत ठरवताना त्या दोन तुळया आम्हाला फार कामाला आल्या!

भिंतीला तडा असला म्हणून लगेच घाबरू नये. तडा जुना आणि थांबलेला आहे की अजून वाढतो आहे, हे पाहायचे. इंजिनिअर साहेबांनी तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी बसवली आणि खाली पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलली की काच तडकते. अडीच महिने झाले, काच शाबूत राहिली. मग जीव भांड्यात पडला.

आणि आता माझ्या आवडीची गोष्ट. आमच्या भिंती विटांच्या आहेत, पण दर्जात सिमेंट नाही, चुना आहे. पूर्वी चुना बैलाच्या घाणीत मळत आणि त्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळ घालत. गुळाच्या पेठेतल्या घराच्या भिंतीतही गूळ असणार, या कल्पनेचीच मला गंमत वाटते. पण मुद्दा गमतीचा नाही. चुन्याची भिंत श्वास घेते. आत आलेली ओल हळूहळू बाहेर टाकते. तिच्यावर आधीच्या मालकांनी एका खोलीत सिमेंटचा गिलावा मारला होता. ओल आतच कोंडली आणि गिलावा पापडासारखा सुटला होता. तो काढून पुन्हा चुन्याचाच गिलावा केला, तेव्हा खोली सुकली. तुमच्याकडे कंत्राटदार म्हणेल, "बाई, सिमेंट मारून टाकतो, कटकटच नको." त्याला ठामपणे नाही म्हणा.

विजेचे वायरिंग मात्र जुने ठेवू नये. ते पूर्ण नवे करावे, अर्थिंगसकट. तिथे काटकसर करू नये.

आणखी एक. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, अशी तरतूद महापालिकांच्या कायद्यातच आहे. कर्ज घ्यायचे असेल तर बँकही विचारते की घर अजून किती वर्षे उभे राहील. तेव्हा इंजिनिअरचा लेखी दाखला घेऊनच ठेवावा. नुसते "मजबूत आहे हो!" हे तोंडी प्रमाणपत्र बँकेत चालत नाही.

भिंत कुणाची?

ओळीतल्या घराची खरी गंमत इथे आहे. आपल्या स्वयंपाकघराची भिंत हीच शेजाऱ्याच्या देवघराची भिंत असते. ती सामाईक आहे, की दोघांच्या स्वतंत्र भिंती एकमेकींना टेकल्या आहेत, हे आधी पाहावे. खरेदीपत्रातल्या चतुःसीमेत पाहावे आणि नगर भूमापनाच्या नकाशातही पाहावे. सामाईक भिंतीत तुम्ही उद्या नवा कोनाडा खणू शकत नाही, की वर मजला चढवू शकत नाही, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय.

आमच्या परसात शेजाऱ्यांच्या कौलांचे पाणी पडते. मी म्हटले, हे बंद करून घेऊ. वकील हसले. म्हणाले, "ताई, १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. वीस वर्षं विनाहरकत, उघडपणे पाणी तिथं पडत असेल, तर तो त्यांचा हक्क होऊन बसतो. उजेडाचं आणि वाऱ्याचंही तसंच." म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीला उजेड देणारे आपले मोकळे परस आपण उद्या मनात येईल तसे बांधून बंद करू शकत नाही. घर घेताना आपण शेजाऱ्याचे पाणीही घेतो आणि उजेडही देतो. मी त्या पाण्याखाली एक मोठे पिंप ठेवले. आता पावसाळाभर धुण्याला आणि तुळशीला ते पाणी पुरते. शेजारच्या काकी म्हणतात, "आमचं पाणी आणि तुमची तुळस!"

सहीचे माणूस

कागदपत्रांचे आता सांगते, आणि इथेच माझी खरी गोष्ट आहे.

मिळकत पत्रिका काढली. ही नगर भूमापन कार्यालयात मिळते. तिच्यावर मालकांची नावे असतात, क्षेत्रफळ असते, बोजा असतो आणि सत्ताप्रकाराचे एक अक्षर असते. त्या बारक्या अक्षराकडे मुद्दाम पाहावे. कोल्हापुरात 'ब' हे अक्षर दिसले की जुने लोक सावध होतात, कारण अशा जमिनीच्या व्यवहाराला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो. आमचे अक्षर सरळ होते. पण नावे तीन होती. दोन भाऊ आणि एक बहीण.

आमच्याशी बोलणी करत होते ते दोघे भाऊ. बहिणीचे नाव निघताच मोठे म्हणाले, "तिचं काही नाही. तिनं स्टॅम्पवर लिहून दिलंय. तुम्ही संचकार करून टाका."

वकिलांनी तो स्टॅम्प पाहिला. तिने आपला हक्क भावांसाठी सोडला असे लिहिले होते, खाली सही होती, पण नोंदणी नव्हती. स्थावर मिळकतीतला हक्क असा नुसत्या कागदावर सुटत नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवलेले हक्कसोडपत्रच लागते. वकील म्हणाले, "दोन मार्ग आहेत. एक तर तिनं नोंदणीकृत हक्कसोड द्यावं, नाहीतर खरेदीपत्रावर तिसरी विकणार म्हणून सही करावी. तुमच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच सुरक्षित."

तुमच्या दृष्टीने दोन्ही सारखेच! हे वाक्य मी रात्रभर कुशीवर वळताना ऐकत होते. कारण तिच्या दृष्टीने ते सारखे नव्हते. पहिल्या कागदावर सही केली तर तिला काही नाही. दुसऱ्यावर केली तर तिच्या वडिलांच्या घरातला तिचा वाटा.

आणि मैत्रिणींनो, तुमच्यापासून काय लपवू, मला माझीच सही आठवत होती. वडील गेल्यावर वर्षाच्या आत माझ्या भावाने मला कचेरीत नेले. "ताई, इथं आणि इथं." मी दोन्ही ठिकाणी सही केली, अंगठाही दिला. वाचले नाही. पदवी घेतलेली, मुलांना "प्रश्न नीट वाचून उत्तर लिहा" असे शिकवणारी मी, वाचले नाही. घरी आल्यावर वहिनीने साडी-चोळी दिली. साडी चांगली होती. अजून कपाटात आहे. फारशी नेसवत नाही.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचले. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला आणि ती अटही गेली. वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील कधी वारले यावर तो अवलंबून नाही. आणखी एक गोष्ट वाचून तर मी थक्क झाले. राहत्या घराची वाटणी मागायचा अधिकार २००५ पर्यंत मुलीला नव्हता. भाऊ वाटणी करतील तेव्हाच तिला मिळायची! ते कलमही त्या वर्षी गेले.

कायद्यातले कलम गेले. मनातले जायला वेळ लागतो.

मी ह्यांना म्हटले, "मला त्या बाईंना भेटायचंय." हे म्हणाले, "घर हातचं जाईल हं." पण आले बरोबर. त्या गडहिंग्लजकडे राहतात. नवरा नाही, शिवणकामावर दोन मुले वाढवलेली. मी त्यांना काय सांगावे ते वाटेत दहा वेळा ठरवले होते. प्रत्यक्षात एवढेच सांगितले, "कायद्यानं तुमची सही लागणारच आहे. ती कुठल्या कागदावर करायची ते दोन्ही कागद वाचून तुम्ही ठरवा. आम्हाला तीन जणांच्या नावानं तीन चेक द्यायला काही अडचण नाही."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ बोलायचे बंद झाले तर मला दिवाळीला जायला घर राहायचं नाही." काय बोलणार? मी चहा घेतला आणि निघाले.

आठ दिवसांत मोठ्या भावांचा फोन आला. "तुम्ही घर घ्यायला आलाय की आमच्यात भांडण लावायला?" ह्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग दोन महिने सगळे ठप्प. दुसरे गिऱ्हाईक आल्याची बातमी आली. सासूबाई म्हणाल्या, "झालं तुझं समाधान?" मला तेव्हा खरोखर वाटले की आपण नको त्या ठिकाणी नाक खुपसले. आपली सही आपण न वाचता केली, त्याची भरपाई दुसऱ्याच्या घरात करायला निघालो की काय!

मार्ग निघाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. धाकट्या भावाची बायको घरात म्हणाली म्हणे, "माझ्या माहेरचं वाटप आलं तर तुम्ही मला सही करू द्याल का, का वाटा घेऊन ये म्हणाल?" त्यावर धाकट्याला उत्तर सुचले नाही. शेवटी खरेदीपत्रावर तिघांच्या सह्या झाल्या आणि तीन चेक गेले. तिसरा चेक समान नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. बहिणीने स्वतःच कमी घेतले. "मला माहेर पण पाहिजे," म्हणाल्या. पण त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. निबंधकांच्या कार्यालयात मागे रांग खोळंबली होती. कारकून म्हणाले, "बाई, लवकर." त्या म्हणाल्या, "थांबा की जरा, वाचतेय."

आमचे घर मिळाल्याचा आनंद मला त्या क्षणी झाला, चावी मिळाली तेव्हा नव्हे.

तिकडे काय करतात?

गंमत म्हणजे त्याच सुमारास माझी धाकटी जाऊ नेदरलँड्समध्ये, उत्रेख्त शहरात, जुने घर पाहत होती. लोंबोक नावाची वस्ती, शंभरएक वर्षांची विटांची घरे, भिंतीला भिंत लागून. रस्त्यावर तुर्की भाजीवाला, मोरोक्कन पाववाला. फोनवर आम्ही दोघी जावा तासन् तास ओलीवर बोलायचो! तिकडे आपण सही केल्यावरही घर घेणाऱ्याला तीन दिवस विचार बदलायची मुदत कायद्यानेच मिळते. दंड नाही, कारण सांगायला नको. शिवाय मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करायला नोटरी लागतोच. आपल्याकडे विसार दिला की जीव टांगणीला लागतो. म्हणून विसार देण्याआधीच तीन दिवस काय, तीन आठवडे घ्या.

तिने मला आणखी एक सांगितले. ॲमस्टरडॅमची जुनी घरे लाकडी खांबांवर उभी आहेत, ते खांब जमिनीत पाण्याखाली असतात तोवर टिकतात. पाण्याची पातळी खाली गेली की कुजतात. आपले लाकूड पाणी लागले की कुजते, त्यांचे पाणी हटले की! जुन्या घराचे दुखणे ज्याच्या त्याच्या मातीप्रमाणे असते. म्हणून पुस्तकातला सल्ला घ्या, पण त्या गल्लीतल्या गवंड्याचाही घ्या.

पैशाचे चार शब्द

घर आम्ही माझ्या नावावर घेतले. हे सुचवले कुणी माहीत आहे? सासूबाईंनी! महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून राहते घर स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे लाखामागे हजार रुपये वाचतात. आधी पंधरा वर्षे ते पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. सवलत फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास मिळते, नवरा-बायकोच्या जोड नावाला नाही, हे लक्षात ठेवा. आमच्या वाचलेल्या पैशांत कौले शेकारून झाली आणि दोन तुळया बदलल्या.

घराच्या किमतीपेक्षा दुरुस्तीला जास्त मन लागते आणि अंदाजापेक्षा नेहमी जास्त पैसा लागतो. इंजिनिअरने सांगितलेल्या आकड्यात मी मनाशी चौथाई वाढवून ठेवली होती. तरी शेवटी एक बांगडी मोडावी लागलीच.

जाता जाता, वहीत टिपून ठेवण्यासाठी

● घर एकदा दुपारी, एकदा रात्री आणि एकदा भर पावसात पाहा.
● पुराचे पाणी कुठवर आले होते ते निदान तीन शेजाऱ्यांना विचारा.
● मिळकत पत्रिकेवरच्या प्रत्येक नावाच्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. बहिणी, आत्या, विधवा काकू यांना तर नक्कीच.
● वकिलांकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हरकत आधी आलेली बरी.
● खाली भाडेकरू असेल तर "तो जाईल हो" यावर विश्वास ठेवू नका. जुन्या भाडेकरूला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते.
● महापालिकेच्या नगररचना विभागात रस्तारुंदीची रेषा विचारा. घर पाडून नवे बांधताना तेवढी जागा सोडावी लागते.
● घरफाळा, पाणीपट्टी आणि वीजबिल यांच्या शेवटच्या पावत्या हातात आल्याशिवाय खरेदी करू नका.
● व्यवहार पन्नास लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर एक टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.
● खरेदीनंतर मिळकत पत्रिकेवर आपले नाव लागले का, ते स्वतः जाऊन पाहा.

आता संध्याकाळ झाली आहे. पलीकडच्या काकींच्या देवघरातली घंटा माझ्या मिसळणाच्या डब्यामागून ऐकू येते. पहिल्या महिन्यात मला ती त्रासाची वाटायची. आता ती वाजली की मी गॅसवर आमटी ठेवते. मागच्या श्रावणात मला ताप आला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येईना, म्हणून काकी विचारायला आल्या. मोकळ्या हवेच्या उपनगरात तीन दिवस कुणाला कळलेही नसते.

सासूबाई आता माडीवरच्या खिडकीत बसून गल्ली पाहतात. परवा त्यांच्या मैत्रिणीला सांगत होत्या, "नवी घरं म्हणजे नुसती खोकी हो! जुन्या घराची सर नाही त्याला."

मी काही बोलले नाही. आमटीला फोडणी दिली.

आणि हो, गेल्या दिवाळीला गडहिंग्लजच्या बाई भावाकडे आल्या होत्या. माहेर तुटले नाही. जाताना आमच्याकडे डोकावल्या, जिन्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "या पायरीवर मी पडले होते लहानपणी." मी त्यांना हळदकुंकू लावले, ओटी भरली. त्यांच्याच घरात त्यांची ओटी! पण त्यांना वावगे वाटले नाही, आणि मलाही नाही.

तुमच्यापुढे कुणी कागद ठेवला आणि "इथं आणि इथं" म्हटले, तर मैत्रिणींनो, एवढेच म्हणा: "थांबा की जरा, वाचतेय."